छोट्या आगगाडीचे छांदिष्ट

आपल्या किनाऱ्यावरच्या अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धनच्या मुलाला आगगाडीत बसायचे असेल तर आजही त्याला आधी पेण, रोहे नाहीतर माणगाव गाठावे लागते. तरीपण प्राथमिक शाळेतल्या मुलाला सांगा, ‘बाळ, आगगाडीचे चित्र काढ.’ तो काय काढील? पुढे गोल पोटाचे इंजिन, त्यावर धुराडे आणि धुराड्यातून निघणारे काळे ढग. हे इंजिन त्याने पाहिलेले नसते, त्याच्या बापानेही बहुधा पाहिलेले नसते. विजेवर आणि डिझेलवर चालणाऱ्या गाड्या रोज धावत असताना पोराच्या पाटीवर मात्र वाफेचेच इंजिन चालते आहे. असे का, याचा विचार शिक्षक मंडळींनी जरूर करावा. मला वाटते, वाफेच्या इंजिनात काय चालले आहे ते डोळ्यांना दिसते. आग दिसते, पाणी दिसते, दांडा पुढेमागे होतो, चाक फिरते. ज्याचे कारण समोर दिसते, त्या यंत्रावर माणसाचे मन बसते.

अशा इंजिनाचा ध्यास घेऊन ते अंगणात, नव्हे टेबलावर मावेल एवढे करणारी माणसे जगात आहेत. त्यांना कोणी वेडे म्हणतात, मी छांदिष्ट म्हणतो. आज त्यांच्यापैकी तिघांची ओळख तुम्हांला करून द्यायची आहे, आणि त्यांचे यंत्र कसे चालते तेही सांगायचे आहे.

पहिला माणूस आपल्या पुण्याचा. भाऊसाहेब जोशी, सगळे त्यांना भाऊ जोशी म्हणत. यंत्रे-उपकरणे बनवण्याचा व्यवसाय आणि छोट्या आगगाड्यांचा छंद, असा त्यांचा संसार होता. आधी त्यांनी पुण्यात छोट्या आगगाड्यांची तात्पुरती प्रदर्शने भरवली. पण अशा प्रदर्शनाचे दुःख काय असते, ते गावच्या जत्रेत दुकान मांडणाऱ्याला विचारा. रूळ जोडा, तारा ओढा, सिग्नल उभे करा, आणि चार दिवसांनी सगळे उसकटून पुन्हा पेटाऱ्यात भरा! म्हणून त्यांनी कायमची जागा करण्याचे मनावर घेतले. १ एप्रिल १९९८ रोजी पुण्यात कोथरूडला त्यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय लोकांसाठी उघडले. तिथे एक सबंध नगर आहे: घरे, रस्ते, पूल, दिवे, सिग्नल, आणि त्यांतून धावणाऱ्या आगगाड्या. दिवे मालवले की त्या नगरात रात्र होते आणि खिडक्या-खिडक्यांतून उजेड दिसू लागतो. भाऊंच्या मागे त्यांच्या कुटुंबाने हे काम सांभाळले.

या गाड्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाच्या मापाच्या असतात. म्हणजे वीस मीटर लांबीचे इंजिन इथे सुमारे तेवीस सेंटिमीटरचे, वीतभर. आता एखादा चौकस मुलगा तिथे विचारील, ‘वाफेच्या इंजिनासारखे दिसते, पण चालते विजेवर. मग खऱ्या वाफेवर का चालवत नाहीत?’ प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर गणितात आहे, आणि ते गणित सातवीच्या मुलालाही समजेल.

एक वस्तू आपण सर्व बाजूंनी दहापट लहान केली असे समजा. तिची लांबी एकदशांश झाली. तिचा पृष्ठभाग मात्र शंभराव्या हिश्शाचा झाला, कारण लांबी आणि रुंदी दोन्ही घटल्या. आणि तिच्यात मावणारे पाणी हजाराव्या हिश्शाचे झाले, कारण लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटल्या. म्हणजे पाणी हजारपट कमी झाले, पण ते ज्या पृष्ठभागातून थंड होते तो शंभरपटच कमी झाला. थेंबामागे थंडी दहापट वाढली! घरात पाहा ना, मोठ्या पातेल्यातला चहा बराच वेळ कढत राहतो, बशीत ओतलेला लगेच निवतो. तोच हा न्याय.

आता भाऊंच्या मापाचे गणित करू. खऱ्या इंजिनात दहा हजार लिटर पाणी मावत असेल, तर सत्त्याऐंशीपट लहान इंजिनात किती मावेल? सुमारे पंधरा मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे. आणि त्या तीन चमच्यांना थंड होण्याची सोय मूळच्यापेक्षा सत्त्याऐंशीपट अधिक. एवढ्याशा पाण्याची वाफ करून गाडी ओढायची, म्हणजे दव गोळा करून शेत शिंपण्यापैकी आहे. अगदी अशक्य मात्र नाही. २००३ साली एका इंग्रजी कंपनीने जवळजवळ याच मापाचे वाफेचे इंजिन बाजारात आणले, पण त्यातले पाणी उकळण्यासाठीही रुळांतून वीजच द्यावी लागत होती.

मग खऱ्या कोळशावर आणि खऱ्या वाफेवर चालणारे छोटे इंजिन करायचे तर ते थोडे मोठे हवे. असे इंजिन करणाऱ्यांचा मोठा परिवार इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनला ‘मॉडेल इंजिनिअर’ नावाचे नियतकालिक सुरू केले. घरच्या घरी यंत्रे करणाऱ्यांचे ते जणू गावच्या चावडीचे ठिकाण झाले. आणि याच पानांतून आपला दुसरा माणूस लोकांना ठाऊक झाला.

त्यांचे नाव लॉरेन्स. जन्म १८८३ चा. तरुणपणी रेल्वेत नोकरी केलेली. ज्या रेल्वे कंपनीत नोकरी केली, तिच्या नावाची आद्याक्षरे ‘एल. बी. एस. सी.’ हेच त्यांनी टोपणनाव घेतले. पुढे चाळीस वर्षे वाचक त्यांना याच चार अक्षरांनी ओळखत. त्यांच्या घरामागच्या बागेत रूळ टाकलेले होते आणि त्यांवर त्यांची इंजिने धावत.

त्यांनी नवे काय केले? ते समजून घ्यायचे तर आपल्या न्हाणीघरात चला.

पाणी तापवण्याच्या दोन रीती आपल्याकडे पूर्वापार आहेत. एक चुलीवरचा हंडा. खाली जाळ, वर हंडा. जाळाची निम्मी ऊब बाजूने निघून जाते. दुसरी रीत बंबाची. तांब्याच्या बंबात पोटातून एक नळी वर जाते, जाळ त्या नळीत असतो आणि पाणी तिच्या सभोवार. जाळाला पळून जायला वाट पाण्याच्या मधूनच. म्हणून चार चिपाडांवर आणि दोन गोवऱ्यांवर सगळ्या घराची आंघोळ होते. खरे आगगाडीचे इंजिन म्हणजे आडवा ठेवलेला बंबच, बरे का! फरक एवढाच की, त्यात एका नळीऐवजी अनेक नळ्या असतात. एका टोकाला आगीचा डबा, त्यातून धग नळ्यांत शिरते, नळ्यांच्या भोवती पाणी, आणि दुसऱ्या टोकाला धुराडे.

त्या काळी दुकानांत मिळणारी छोटी इंजिने मात्र बहुतेक हंड्याच्या रीतीची होती. खाली स्पिरिटचा दिवा आणि वर पाण्याचे पिंप. वारा आला की दिवा फडफडायचा, वाफ कमी पडायची. गाडी दिसायला देखणी, पण ओढायला अशक्त. जाणत्यांचे मत असे होते की, एवढ्याशा इंजिनात कोळशाची आग टिकणारच नाही. लॉरेन्स म्हणाले, टिकेल. त्यांनी अडीच इंची रुळांवर चालणारे, म्हणजे खऱ्याच्या बाविसाव्या-तेविसाव्या हिश्शाचे एक इंजिन केले. त्याचे नाव ‘आयेशा’. त्यात बंबाच्या रीतीचा बॉयलर आणि खरा दगडी कोळसा. त्या इंजिनाने जाणती माणसे बसलेली गाडी ओढून दाखवली. १९२० नंतरच्या चार-पाच वर्षांत ‘मॉडेल इंजिनिअर’च्या पानांवर या प्रश्नावर एवढा वाद झडला की, छांदिष्ट मंडळी आजही त्याला ‘बॉयलरांची लढाई’ म्हणतात.

पण यात एक मेख आहे. खऱ्या इंजिनातले सगळे काही त्याच प्रमाणात लहान करून चालत नाही. नळ्या तशाच बारीक केल्या तर राखेने चोंदतात आणि धग आत शिरत नाही. म्हणून छोट्या इंजिनात नळ्यांची संख्या कमी आणि प्रत्येक नळी प्रमाणापेक्षा जाड ठेवावी लागते. इंजिन लहान होते, पण कोळसा आणि वारा काही लहान होत नाहीत. हे ज्याला कळले त्याचे इंजिन चालले, आणि ज्याने नुसती हुबेहूब नक्कल केली त्याचे कपाटात राहिले.

आता हे यंत्र चालते कसे ते पाहू. पाण्याची वाफ झाली की तिला मूळ पाण्याच्या सोळाशेपटींहून अधिक जागा हवी असते. कोंडून ठेवली की ती ढकलते. ही वाफ झडपेतून नळकांड्यात जाते आणि तिथल्या दट्ट्याला रेटते. मग झडप सरकते आणि वाफ दुसऱ्या बाजूने येऊन दट्ट्याला उलट रेटते. दट्ट्याचा दांडा चाकाला जोडलेला, म्हणून चाक फिरते. काम झालेली वाफ धुराड्याखालून जोराने वर सोडतात. ती जाताना आतली हवा आपल्याबरोबर ओढून नेते, त्यामुळे आगीच्या डब्यात ताजी हवा शिरते आणि आग भडकते. गाडी जितकी जोरात, तितकी आग जोरात. लोहाराचा भाता कोणीतरी ओढावा लागतो, इथे इंजिन स्वतःच आपला भाता ओढते!

आणि ती ‘झुकझुक’? दट्ट्या दोन, आणि प्रत्येक दट्ट्याला दोन्ही बाजूंनी रेटा. म्हणून साध्या दोन नळकांड्यांच्या इंजिनाच्या चाकाचा एक फेरा होतो तेव्हा धुराड्यातून चार सुस्कारे निघतात. मुलांना ठेका धरून दाखवा, चारांचा एक फेरा.

बॉयलर कोणी केला आणि कसा तपासला, हा प्रश्न मात्र खेळाचा नव्हे. घरच्या कुकरमध्ये वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. छोट्या इंजिनात तो पाच-साडेपाच किलोपर्यंत नेतात. सांधा कच्चा राहिला तर जीव जाईल. म्हणून हे बॉयलर जाड तांब्याच्या पत्र्याचे करतात, सांधे चांदीच्या डाकाने जोडतात, आणि पहिली आग पेटवण्याआधी थंड पाण्याने परीक्षा घेतात. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरायचा, आत हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही, आणि पंपाने रोजच्या कामाच्या साधारण दुप्पट दाब द्यायचा. पाणीच का? तर पाणी दाबले तरी जवळजवळ दबत नाही. सांधा फुटला तर चार थेंब गळतील आणि दाब तत्काळ उतरेल. तीच परीक्षा वाफेने किंवा हवेने घेतली तर कोंडलेली शक्ती एकदम सुटून स्फोट होईल. याशिवाय जादा वाफ आपोआप सोडणारी झडप आणि आत पाणी किती उरले ते दाखवणारी काचेची नळी, ही दोन्ही प्रत्येक इंजिनावर असलीच पाहिजेत. छंद झाला तरी शिस्त मोठ्या रेल्वेची.

लॉरेन्स लोकांना इतके प्रिय का झाले, हे आता सांगतो. त्यांच्यापेक्षा देखणी इंजिने करणारे पुष्कळ होते. पण लॉरेन्स यांनी १९२४ पासून ‘मॉडेल इंजिनिअर’मध्ये लिहायला सुरुवात केली, आणि जे आपल्याला येते ते सगळे लोकांना सांगून टाकले. हातचे काही राखले नाही. आज चाक कसे करायचे, पुढच्या अंकात दांडा, मग झडप, मग बॉयलर. नकाशा आणि शब्द दोन्ही. भाषा कारखान्यातल्या गड्याला समजेल अशी, गप्पा मारल्यासारखी. ज्याने जन्मात लेथ हातात धरला नाही, त्याने या भागांमागून भाग वाचावेत, संध्याकाळी घरी येऊन तेवढेच काम करावे, आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच्या हातात आपले स्वतःचे इंजिन असावे! नवशिक्यांसाठी त्यांनी ‘टिच’ नावाचे एक चिमुकले इंजिन योजले. ते आजही लोक करतात. १९६७ साली लॉरेन्स वारले. पण त्यांच्या नकाशांवरून त्यांना कधीही न पाहिलेल्या माणसांनी केलेली इंजिने अनेक देशांत धावत आहेत.

तिसरा माणूस आपल्याच जिल्ह्याशी जोडलेला. मुंबईचे सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन हे माथेरानला जात. त्या वेळी नेरळहून वर जायचे ते घोड्यावर, डोलीतून किंवा पायी. या डोंगरावर आगगाडी जावी, असे अब्दुल हुसेन यांच्या मनाने घेतले. १९०४ साली काम सुरू झाले, वडिलांच्या पैशातून सुमारे सोळा लाख रुपये खर्चले गेले, आणि १९०७ साली दोन फुटी रुळांवरून पहिली गाडी माथेरानला चढली. सुमारे एकवीस किलोमीटरची वाट, वीस फुटांना एक फूट असा चढ, आणि जागोजाग अवघड वळणे. अशा वळणांसाठी जर्मनीहून खास इंजिने आणली. त्यांची पुढची आणि मागची चाके वळणावर थोडी तिरपी होत, त्यामुळे इंजिन रूळ न सोडता वळे. वाटेवरच्या एका स्थानकाचे नावच ‘वॉटर पाइप’ आहे. वाफेचे इंजिन पाण्यावाचून एक पाऊल चालत नाही, याची ती खूण समजा. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथली वाफेची नेहमीची वाहतूक थांबली आणि डिझेलची इंजिने आली. २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला, तो दुरुस्त होऊन २००७ मध्ये, बरोबर शंभराव्या वर्षी, गाडी पुन्हा सुरू झाली. जुने एक इंजिन नेरळला मांडून ठेवले आहे. सहलीला मुले नेली तर गाडीत बसण्याआधी दहा मिनिटे त्या इंजिनापाशी उभी करा. नळकांडे कुठे, दांडा कुठे, धुराडे कुठे, हे त्यांचे त्यांना शोधू द्या.

हे तीन माणसे तीन तऱ्हांची. एकाच्या मागे पैसा होता, एक व्यावसायिक, एक रेल्वेतला साधा नोकर. पण तिघांत एक गोष्ट सारखी दिसते. छंद त्यांनी घराच्या दारात अडकवून ठेवला नाही. पीरभॉय यांनी रूळ टाकले ते सगळ्यांसाठी. भाऊ जोशी यांनी आपले नगर लोकांसाठी उघडे केले. आणि लॉरेन्स यांनी हातातली विद्या कागदावर उतरवून दिली. छंद करणारे गावोगाव असतात. पण माणूस गेला की बहुतेकांच्या मागे काय होते? अवजारे भंगारात जातात, अर्धवट यंत्रे माळ्यावर पडतात, आणि ते कसे करायचे हे सांगणारा कोणी राहत नाही. वस्तू मागे राहते, पण तिची युक्ती जाते. म्हणून छांदिष्टाची खरी आठवण ठेवायची तर त्याच्या फोटोला हार घालून भागणार नाही, त्याची युक्ती दुसऱ्याच्या हातात गेली पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, ‘हे सगळे ठीक, पण आमच्या खेड्यातल्या शाळेत तांब्याचा बॉयलर कुठून आणायचा?’ आणूच नका. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो, बंद डबा, बंद बाटली किंवा झाकण घट्ट बसवलेले कोणतेही भांडे आगीवर ठेवून ‘वाफेचे इंजिन’ करण्याचा प्रयोग मुलांना कधीही करू देऊ नका. तो प्रयोग नव्हे, तो अपघात आहे.

पण वाफेची खरी गाडी नाही, तरी वाफेची खरी होडी तुमच्या जवळ आहे. जत्रेत मिळणारी ती पत्र्याची होडी आठवते ना? आत तेलाची वात किंवा मेणबत्तीचा तुकडा पेटवायचा, की परातीतल्या पाण्यात फटफट आवाज करीत ती फिरू लागते. या युक्तीचा पेटंट इंग्लंडात १८९१ साली तोमा पिओ नावाच्या माणसाने घेतला. होडीच्या पोटात पत्र्याची लहान डबी असते आणि तिच्या दोन नळ्या मागे पाण्यात उघड्या असतात. आधी नळ्यांतून पाणी भरून घ्यायचे. ज्योत डबीला लागली की थोड्या पाण्याची वाफ होते आणि ती नळ्यांतले पाणी मागे फेकते. नळ्यांत पोचलेली वाफ निवते, तिची जागा रिकामी होते आणि बाहेरचे पाणी पुन्हा आत येते. मग पुन्हा वाफ. एक प्रश्न मुलांना अवश्य विचारा: ‘पाणी बाहेरही जाते आणि आतही येते, मग होडी पुढेच का जाते?’ उत्तर असे की, बाहेर जाणारे पाणी सरळ रेषेत मागे फेकले जाते, पण आत येणारे सर्व बाजूंनी गोळा होऊन येते. म्हणून पुढचा रेटा जिंकतो. या होडीच्या नळ्या उघड्या असल्यामुळे दाब कोंडत नाही. ज्योतीपाशी शिक्षकांनी स्वतः उभे राहावे, एवढी काळजी घेतली म्हणजे झाले.

याहून मोठे एक काम आहे, आणि ते गावच्या शिक्षकालाच साधेल. तुमच्या गावात होडी बांधणारा एखादा म्हातारा सुतार असेल, बंबाला डाक देणारा कारागीर असेल, रहाटाचे दात नेमके कसे बसवायचे हे जाणणारा कोणी असेल. त्याच्यापाशी वरच्या वर्गातली दोन मुले वही-पेन्सिल घेऊन बसवा. त्याने सांगितलेले त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या. मापे घ्या, चित्र काढा. लाकूड कोणते, भिजवले किती दिवस, खिळा कुठून मारला, सगळे. तो म्हणेल, ‘मास्तर, यात लिहिण्यासारखे काय आहे?’ त्याला सांगा की लॉरेन्स नावाचा रेल्वेतला एक माणूस हेच करीत बसला, म्हणून त्याची इंजिने त्याच्यामागे इतक्या वर्षांनी धावत आहेत.

ती वही शाळेच्या कपाटात ठेवा, आणि कपाटाची किल्ली मुलांना सापडेल अशी ठेवा.